आयोवाचा मतदार म्हणजे अख्ख्या अमेरिकेचा मतदार नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात अमेरिकेच्या निवडणुकीबद्दल जे काही छापून येतं ते मी गेली कित्येक वर्षं अगदी मन लावून वाचते, म्हणूनच हे पत्र लिहितेय, आणि पत्र जरा लांबणार आहे. दर चार वर्षांनी जानेवारी-फेब्रुवारी उजाडला की एक हेडिंग हमखास दिसतं, "अमेरिकन मतदारांचा कौल अमक्याला". आतली बातमी वाचली की कळतं, नोव्हेंबरच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी दोन्ही पक्ष राज्याराज्यांतून आपापला उमेदवार ठरवतात, त्यातला हा कौल फक्त आयोवा राज्याचा आहे, तोही एकाच पक्षाचा, आणि त्या पक्षातल्याही त्या रात्री घराबाहेर पडलेल्या लोकांचा. १५ जानेवारी २०२४ ला आयोवात रिपब्लिकन कॉकस (उमेदवार निवडायला ठरलेल्या वेळी भरणारी पक्षाच्या मतदारांची सभा) झालं तेव्हा ट्रम्पना ५१ टक्के मिळाले हे सगळ्यांनी छापलं, पण त्या कडाक्याच्या थंडीत आले होते साधारण १ लाख १० हजार लोक, म्हणजे राज्यातल्या नोंदणी केलेल्या रिपब्लिकन मतदारांपैकी जेमतेम १५ टक्के, हे कुणी ठळकपणे सांगितलं नाही. पक्षाच्या अधिवेशनातल्या एकूण २४२९ डेलिगेट्सपैकी, म्हणजे उमेदवार पक्का करणाऱ्या प्रतिनिधींपैकी, आयोवाच्या वाट्याला होते ४०. हा आकडा मोठा नाही, पण सगळ्यात आधी जाहीर होतो म्हणून त्याचा आवाज मोठा.

मी शिकायला आयोवातल्या एम्स गावात होते आणि नंतर नोकरीसाठी न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआत काही वर्षं काढली. मतदार नव्हते, व्हिसावर होते, त्यामुळे नुसतं बघायचं आणि ऐकायचं एवढंच काम. योगायोगाने ही दोन्ही राज्यं नेमकी सुरुवातीची निघाली, आणि दोन्हीकडचा मतदार इतका वेगळा की एकाच देशातल्या एकाच पक्षाचे लोक आहेत यावर विश्वास बसू नये.

३ जानेवारी २००८. एम्समधल्या एका शाळेची जिम, संध्याकाळी सात वाजता डेमोक्रॅट्सचं कॉकस. मी भिंतीकडेला बघ्यांच्या खुर्च्यांवर बसले होते. ज्यांनी कॉकस पाहिलेलं नाही त्यांना वाटतं की तिथे जाऊन मत टाकायचं आणि घरी यायचं, पण डेमोक्रॅट्सकडे तेव्हा तसं नव्हतंच. ओबामांचे लोक एका कोपऱ्यात उभे, हिलरी क्लिंटन यांचे दुसऱ्या, जॉन एडवर्ड्स यांचे बास्केटबॉलच्या रिंगखाली, सगळ्यांनी सगळ्यांसमोर उभं राहायचं, मग डोकी मोजायची. ज्या गटात १५ टक्के लोक नाहीत तो गट बाद, आणि त्यातल्या लोकांनी एकतर दुसऱ्या कोपऱ्यात जायचं, नाहीतर आणखी माणसं ओढून आणायची, नाहीतर घरी जायचं. त्या रात्री बायडन यांच्या कोपऱ्यात सहा-सात माणसं होती. त्यांच्याभोवती बाकीच्या दोन-तीन गटांचे लोक जमले आणि अर्धा तास समजावणं चाललं, अरे तू आमच्याकडे ये, तुझा मुलगा आणि माझा मुलगा एकाच टीममध्ये खेळतात वगैरे. त्यातले एक आजोबा बराच वेळ कुणाकडेच गेले नाहीत आणि शेवटी मान खाली घालून ओबामांच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. ते मला अजून डोळ्यासमोर दिसतं.

आता विचार करा की अशा ठिकाणी कोण येईल. ज्याला दोन तास मोकळे आहेत, ज्याला आपलं मत शेजाऱ्यासमोर, कदाचित आपल्या साहेबासमोर उघड करायला भीती वाटत नाही, ज्याच्याकडे लहान मूल सांभाळायला कुणीतरी आहे. माझ्या घरमालकीणबाई पक्क्या डेमोक्रॅट, घरात केनेडींचा फोटो, पण त्या नर्सिंग होममध्ये संध्याकाळच्या शिफ्टला होत्या, त्यामुळे त्या रात्री त्यांचं मत मोजलंच गेलं नाही. त्या दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या की माझ्या राज्याने देशाला उमेदवार दिला आणि मी रुग्णांना औषधं देत होते. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं. पण मला तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही की आयोवाचा मतदार म्हणून आपण जो समजतो तो तिथल्या जनतेने जितका घडवलाय तितकाच त्या कॉकसच्या नियमाने घडवलाय. नियम बदला, त्याच गावात वेगळाच मतदार उगवेल.

त्या रात्री राज्यभरात जवळपास २ लाख ४० हजार लोक आले, तोपर्यंतचा रेकॉर्ड, ओबामा पहिले, एडवर्ड्स दुसरे, हिलरी तिसऱ्या. पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये हिलरी जिंकल्या. पाच दिवसांत देशाचं मन बदललं का हो? देश होता तिथेच होता, फक्त दुसऱ्या माणसांना विचारलं होतं.

रिपब्लिकन पक्षाकडे बघा, तिथे तर हे आणखी स्वच्छ दिसतं. त्यांचं आयोवा कॉकस साधं, भाषणं झाली की चिठ्ठीवर गुप्त मत, कोपऱ्यात उभं राहणं नाही. पण येणाऱ्यांत अर्ध्याहून जास्त लोक स्वतःला इव्हँजेलिकल (बायबलवर ठाम श्रद्धा असलेले प्रोटेस्टंट ख्रिश्चन) म्हणवणारे, चर्चच्या ओळखींतून गावोगाव एकमेकांना घेऊन येणारे. न्यू हॅम्पशायर हे देशातल्या सगळ्यात कमी धार्मिक राज्यांपैकी एक, तिथल्या रिपब्लिकन प्रायमरीत (कॉकसऐवजी मतदान केंद्रावर बॅलटने होणारी उमेदवाराची निवड) हेच प्रमाण साधारण पाव. म्हणून आयोवात २००८ ला माईक हकाबी, २०१२ ला रिक सँटोरम, २०१६ ला टेड क्रूझ जिंकले, तिघांपैकी एकालाही उमेदवारी मिळाली नाही. त्याच तीन वर्षी न्यू हॅम्पशायरने मॅकेन, रॉम्नी आणि ट्रम्प यांना निवडलं, तिघेही उमेदवार झाले. आणि सँटोरम यांचं तर दुर्दैव असं की कॉकसच्या रात्री रॉम्नी ८ मतांनी जिंकले असं जाहीर झालं, दोनेक आठवड्यांनी पक्की मोजणी झाली तर सँटोरम ३४ मतांनी पुढे, पण तोपर्यंत न्यू हॅम्पशायर होऊन गेलं होतं. पहिल्या दिवशीच्या हेडिंगची किंमत किती असते ते यावरून कळतं, म्हणून तर तुम्हाला लिहितेय.

आयोवा म्हणजे मका आणि इथेनॉल असंही दरवेळी लिहिलं जातं. आहेच ते, मका आणि इथेनॉल दोन्हीत हे राज्य देशात पहिलं, आणि इथेनॉलच्या सबसिडीला विरोध असलेल्या मॅकेननी २००० साली आयोवात प्रचारच केला नाही. पण २०१६ ला क्रूझ पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायच्या सक्तीविरुद्ध उघड बोलत होते, तिथले गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड स्वतः म्हणाले की यांना हरवा, तरी क्रूझ जिंकले. म्हणजे शेतकरी मतदार शेतीवरच मत देतो हे गृहीत धरू नये, देवाधर्माचा प्रश्न त्याला त्या दिवशी जास्त जवळचा वाटू शकतो.

नॅशुआला गेले तेव्हा पहिल्यांदा "अनडिक्लेअर्ड" हा शब्द ऐकला. तिथे मतदार नोंदणीत कुठलाच पक्ष न लिहिणारे असे लोक साधारण ४० टक्के, कुठल्याही एका पक्षाच्या लोकांपेक्षा जास्त. प्रायमरीच्या दिवशी ते केंद्रावर जातात, डेमोक्रॅट किंवा रिपब्लिकन यापैकी एकाचं बॅलट मागतात, मत देतात, आणि बाहेर पडताना फॉर्म भरून पुन्हा अनडिक्लेअर्ड होऊन घरी. माझी शेजारीण अशीच. टॅक्स कमी म्हणून मॅसॅच्युसेट्समधून इकडे राहायला आलेली, न्यू हॅम्पशायरमध्ये पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही आणि सेल्स टॅक्सही नाही. २०१२ च्या आधी डिसेंबरात ती तीन वेगवेगळ्या उमेदवारांच्या टाऊन हॉलला जाऊन आली होती आणि प्रत्येकाला प्रश्न विचारले होते, आणि तरी म्हणत होती, अजून ठरवलं नाही, परत भेटल्यावर बघू. मला आधी ती शिष्टपणा करतेय असं वाटलं. पुढे कळलं की तिथे खरंच लोक असं करतात, उमेदवार समोर येणार हे गृहीतच धरलेलं असतं. ४०० आमदारांची विधानसभा असलेलं इवलंसं राज्य, राजकारणी माणूस ओळखीचा असतो, त्याच्याशी वाद घालायची सवय असते.

आणि हा अनडिक्लेअर्ड मतदार दोन्ही पक्षांचं गणित एकदम हलवतो. २००० साली मॅकेननी बुशना तिथे जवळजवळ १८ टक्क्यांनी हरवलं, त्यात या लोकांचा मोठा हात. पण हेच लोक रिपब्लिकन बॅलट मागायला गेले म्हणून तिकडे डेमोक्रॅट्समध्ये बिल ब्रॅडली अल गोर यांच्याकडून थोडक्यात हरले असं तेव्हा बऱ्याच जाणकारांनी लिहिलं होतं. एका मतदाराकडे एकच बॅलट, तो ज्या दुकानात गेला तिथे गर्दी, दुसरीकडे शुकशुकाट. २०२४ मध्ये रिपब्लिकन उमेदवारीसाठी ट्रम्पविरुद्ध उभ्या असलेल्या निकी हेलींना न्यू हॅम्पशायरमध्ये ४३ टक्के मिळाले, आयोवात १९ होते. हेली आठ दिवसांत लोकप्रिय झाल्या नव्हत्या, दार वेगळं होतं.

संख्येचंही बघा. आयोवाची लोकसंख्या साधारण ३२ लाख, न्यू हॅम्पशायरची १४ लाख. तरी २०२४ ला आयोवाच्या रिपब्लिकन कॉकसला १ लाख १० हजार आले आणि न्यू हॅम्पशायरच्या रिपब्लिकन प्रायमरीत तीन लाखांवर मतं पडली. निम्म्याहून लहान राज्य आणि जवळपास तिप्पट मतं. दिवसभर कधीही जाऊन पाच मिनिटांत मत देता येणं आणि रात्री सातला हजर राहावं लागणं, या फरकाचा एवढा परिणाम. आयोवातली थंडी आणि "जिंकणार कोण हे माहितीच आहे" हा भावही त्यात धरा, तरी एवढी तफावत नुसत्या हवामानाने होत नाही.

नेवाडात मी राहिले नाही, दोनदा जाऊन आले फक्त, त्यामुळे थोडक्यात लिहिते. राज्यातले दहापैकी सात लोक लास वेगास असलेल्या क्लार्क काउंटीत, लोकसंख्येत साधारण ३० टक्के लॅटिनो, आणि हॉटेल-कसिनोंत काम करणाऱ्यांची कलिनरी युनियन, सुमारे ६० हजार सभासदांची. २००८ ला कामावरून निघता येत नाही म्हणून चक्क कसिनोंच्या आत कॉकसच्या जागा ठेवल्या होत्या, माझ्या घरमालकीणबाईंना अशी सोय मिळाली असती तर! युनियनने तेव्हा ओबामांना पाठिंबा दिला होता, तरी राज्यात जास्त लोक हिलरींच्या बाजूला उभे राहिले. २०२० ला युनियनचे नेते बर्नी सँडर्स यांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या योजनेवर नाराज होते, कारण युनियनने भांडून मिळवलेला स्वतःचा चांगला विमा त्यात गेला असता, तरीही सँडर्स मोठ्या फरकाने जिंकले आणि कसिनोंतल्या कामगारांनीही त्यांना भरपूर साथ दिली. तेव्हा "युनियनची मतं", "लॅटिनो मतं" असं गठ्ठ्याने लिहिताना जरा जपून.

आता साउथ कॅरोलायना. माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात कमी समजून घेतलेला मतदार इथला आहे. डेमोक्रॅट प्रायमरीत मत देणाऱ्यांत अर्ध्याहून जास्त कृष्णवर्णीय, त्यात वयस्कर बायका खूप, चर्चशी घट्ट बांधलेल्या. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर दोन्हीकडे साधारण ९० टक्के लोक गोरे. साउथ कॅरोलायनाने नोव्हेंबरच्या निवडणुकीत १९७६ ला कार्टरना मत दिलं त्यानंतर आजवर एकाही डेमोक्रॅटला दिलेलं नाही, म्हणजे इथल्या डेमोक्रॅट मतदाराला माहिती असतं की नोव्हेंबरात आपलं राज्य हरणारच, आपला खरा आवाज तो प्रायमरीतच. त्यामुळे तो फार हिशेबाने मत देतो. कोण गोड बोलतो यापेक्षा कोण देशात जिंकू शकेल हे तो बघतो, कारण हरलो तर त्याची झळ आधी आपल्याला लागते हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या भोगलंय.

२००७ मध्ये इथले बरेच कृष्णवर्णीय मतदार हिलरींच्या बाजूने होते. ओबामा आपला आहे, पण गोरे लोक त्याला मत देतील का, ही शंका होती. मग आयोवा झालं. जवळजवळ सगळी गोरी वस्ती असलेल्या राज्यात ओबामा जिंकले हे या लोकांनी टीव्हीवर पाहिलं, आणि २६ जानेवारीला साउथ कॅरोलायनात ओबामांना ५५ टक्के, हिलरींना २७ च्या आत. त्या जिममधल्या मान खाली घातलेल्या आजोबांचा आणि साउथ कॅरोलायनाच्या चर्चमधल्या आजीबाईंचा संबंध असा जुळला, दोघं कधी भेटलेही नसतील. सांगायचंय ते हेच, की ही राज्यं वेगवेगळी आहेत एवढंच नाही तर ती एकमेकांकडे बघून मत देतात, त्यामुळे कोण आधी आणि कोण नंतर यावरून निकाल बदलतो. साउथ कॅरोलायना आधी आणि आयोवा नंतर असतं तर २००८ ला काय झालं असतं सांगता येत नाही.

२०२० ला उलटं झालं. बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे, नेवाडात सँडर्सच्या बरेच मागे दुसरे. पेपरवाल्यांनी त्यांना संपवलंच होतं, तुमच्या पेपरातही "बायडन यांचं आव्हान संपुष्टात" अशा अर्थाचं काहीतरी आल्याचं मला आठवतंय. २६ फेब्रुवारीला तिथले खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडनना पाठिंबा दिला, २९ ला मतदान, बायडन जवळपास ४९ टक्के, सँडर्स २० च्या आसपास, आणि तीन दिवसांनी सुपर ट्युसडेला, म्हणजे बऱ्याच राज्यांचं मतदान एकाच मंगळवारी होतं त्या दिवशी, चित्रच फिरलं. लोक म्हणाले चमत्कार झाला. चमत्कार कसला, तोपर्यंत ज्यांना विचारलंच नव्हतं त्यांना पहिल्यांदा विचारलं. बायडनना पसंत करणारे लोक फेब्रुवारीभर तिथेच होते, फक्त त्यांची पाळी आली नव्हती.

आणि त्याच राज्यात रिपब्लिकन प्रायमरी वेगळ्या दिवशी होते आणि वेगळंच जग दिसतं, इव्हँजेलिकल आयोवासारखेच भरपूर, शिवाय लष्करी तळ आणि माजी सैनिक. पक्षाची नोंदणी नाहीच, त्यामुळे कुणीही एका प्रायमरीत जाऊ शकतो. २००० ला न्यू हॅम्पशायरमध्ये धूळ चारणारे मॅकेन, स्वतः व्हिएतनाम युद्धातले कैदी, इथे अठरा दिवसांत बुशकडून हरले. २०२४ ला हेली इथल्याच माजी गव्हर्नर असून ट्रम्प साधारण २० टक्क्यांनी पुढे. घरचं राज्य म्हणून घरची मतं मिळतीलच असं नाही.

पक्षांना हे सगळं चांगलं कळतं, म्हणून भांडण कॅलेंडरवरून होतं. २०२० च्या आयोवा कॉकसमध्ये अ‍ॅप बिघडलं, निकाल कित्येक दिवस लटकला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये बायडन यांनी पक्षाला पत्र लिहून साउथ कॅरोलायना पहिलं करायला सांगितलं. न्यू हॅम्पशायरचा १९७५ पासूनचा कायदा म्हणतो की आमची प्रायमरी इतरांच्या किमान सात दिवस आधी, त्यामुळे त्यांनी ऐकलं नाही, २३ जानेवारी २०२४ लाच घेतली, बॅलटवर बायडन यांचं नावच नाही, तरी लोकांनी हाताने नाव लिहून त्यांना साधारण ६४ टक्के दिले. नेवाडात तर रिपब्लिकनांच्या दोन दिवसांच्या अंतराने दोन निवडणुका झाल्या, सरकारी प्रायमरी आणि पक्षाचं कॉकस, ट्रम्प एकीकडे आणि हेली दुसरीकडे. प्रायमरीत हेलींना "यापैकी कुणीही नाही" या पर्यायाने हरवलं, त्याला ६३ टक्के आणि हेलींना ३० च्या आसपास. आपल्या वाचकांना नोटा माहिती आहे, त्यांना हे लगेच कळलं असतं, पण ही बातमी मला तुमच्याकडे आतल्या पानावर चार ओळींत सापडली.

म्हणून एक विनंती आहे, आणि मनापासून आहे. २०२८ च्या प्रायमरी सुरू होतील तेव्हा प्रत्येक राज्याच्या निकालासोबत एक छोटी चौकट छापा. किती लोक मत द्यायला आले आणि नोंदणी किती होती, कॉकस होतं की प्रायमरी, पक्षाबाहेरच्या माणसाला मत देता येत होतं का, आणि त्या पक्षाचा तिथला मतदार साधारण कोण आहे. चार ओळी पुरतात. आणि हेडिंगमध्ये "अमेरिकेचा कौल" ऐवजी त्या राज्याचं नाव लिहा. तुमच्या वाचकांची मुलं-नातवंडं तिथे शिकतात, राहतात, काहींची तर आता मतं आहेत, त्यांना घरून फोन जातो की अरे तुमच्याकडे तर अमका जिंकला म्हणे. माझ्या भाचीलाही गेल्या वेळी असाच फोन गेला होता. ती कॅलिफोर्नियात राहते, आणि तिच्या राज्याचं मतदान व्हायला तेव्हा अजून दीड महिना होता.

आपली नियमित वाचक